इंजिनाची गाळणी

आम्ही अमरावतीहून मूर्तिजापूरच्या बाजूच्या शाळांत रोज अपडाऊन करणारे चार शिक्षक. चौघांत मिळून एक जुनी ओम्नी आहे. पेट्रोलचा खर्च वाटून घेतो, आणि लहानसहान कामे रविवारी अंगणात आपणच करतो. त्यातलेच एक काम म्हणजे इंजिनातले तेल बदलणे. जुने तेल काढायचे, तेलाचा फिल्टर बदलायचा, नवे तेल भरायचे. तासाभराचे काम. यात चुकण्यासारखे काही असेल असे आम्हाला वाटले नव्हते.

एका फेब्रुवारीतल्या रविवारी हे काम उरकले. सोमवारी सकाळी बडनेरा ओलांडून लोणीच्या पुढे गेलो आणि समोरच्या पाटीवर लाल दिवा लागला. चित्र झारीचे. गाडी चालवणारा म्हणाला, "पुढच्या पंपावर पाहू." दोन किलोमीटर तसेच गेलो. मग इंजिनातून ठक्‌ठक् आवाज येऊ लागला आणि मागून मोटारसायकलवर येणारा एक जण बाजूला येऊन ओरडला, "सर, गाडीखालून तेल गयून रायलं जी!" थांबलो. मागे वळून पाहिले तर नव्याकोऱ्या डांबरी रस्त्यावर आमच्या गाडीमागे एक काळी रेघ लांबपर्यंत गेलेली होती.

मिस्त्रीने गाडीखाली जाऊन फिल्टर खोलला आणि दोन रबरी कड्या आमच्या हातात ठेवल्या. "जुनं रबर काढलंच नाई जी तुमी. त्याच्यावरच नवं बशिवलं." जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली होती. नवा फिल्टर स्वतःची कडी घेऊन तिच्यावर बसला. बस, एवढेच झाले होते. इंजिन उघडावे लागले, बेअरिंगे बदलावी लागली. आमच्यातला सर्वांत धाकटा ठरावीक मानधनावरचा शिक्षणसेवक आहे. त्याच्या वाट्याचे पैसे त्याला उसने घ्यावे लागले. तीन आठवडे आम्ही एस.टी.ने गेलो आणि पहिला तास रोज बुडाला.

चौघांपैकी दोघे विज्ञान शिकवतात. दाब, क्षेत्रफळ, घर्षण, गाळणक्रिया हे सगळे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरी एक रबरी कडी इतके नुकसान कसे करू शकते हे त्या दिवशी आम्हाला धड सांगता येईना. म्हणून जुना फिल्टर कापून पाहिला, पुस्तिका वाचली, मिस्त्रीला प्रश्न विचारून सतावले. त्यातून जे कळले ते येथे मांडत आहोत.

तेल परत येते म्हणून

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. तेल गाळावे का लागते? बैलबंडीला तर फिल्टर नसतो. आमच्यापैकी एकाच्या लहानपणी घरच्या बंडीखाली बांबूची नळी टांगलेली असे. तिच्यात वंगण आणि चिंध्या. लांबच्या वाटेला निघण्याआधी चाक थोडे बाहेर ओढून आसाला वंगण चोपडायचे. ते काम करता करता धूळ खाऊन काळे होई आणि बाहेर गळून जाई. पुढच्या वेळी नवे वंगण. घाण वंगणाबरोबर निघून जाते, म्हणून गाळायचा प्रश्नच नाही.

मूर्तिजापूरच्या शकुंतलेचेही तसेच होते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडातला कापूस वाहण्यासाठी सुरू झाली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. त्यानंतर डिझेल इंजिन आले, आणि आता तर गाडीच बंद आहे. (येथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना आणि तिथले इंजिन आमच्या रुळांवर, असा हा व्यवहार.) वाफेच्या इंजिनाचा चालक स्टेशनात गाडी थांबली की लांब चोचीची झारी घेऊन खाली उतरे आणि सांध्यासांध्यांत तेल सोडी. तेही तेल एकदाच वापरले जाई. आजच्या मोटारीतल्या लाल दिव्यावर चित्र मात्र त्याच झारीचे आहे.

जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळत. ते इंजिनाला वंगण देऊन पेट्रोलबरोबर जळून धुरावाटे बाहेर पडे. तिथेही गाळणी नको.

चार-स्ट्रोक इंजिनात मात्र तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. इंजिनाच्या तळाशी एक भांडे असते. गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. त्यातून पंप तेल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, तेथून ते बारीक वाटांनी बेअरिंगांपर्यंत जाते आणि ठिबकत पुन्हा चेंबरमध्ये पडते. आमच्या गाडीत तीन लिटरच्या आसपास तेल आहे. पंप मिनिटाला ढोबळमानाने दहा लिटर तेल ढकलतो असे धरले, तर तेच तेल तासाभरात दोनशे फेऱ्या मारते. म्हणजे एकदा आत शिरलेला धुळीचा कण हजारो वेळा बेअरिंगांमधून जाणार. गाळणीची गरज येथे निर्माण होते.

सुरुवातीच्या मोटारींना ही गाळणी नव्हती. काही शे मैल झाले की तेल टाकून द्यावे लागे. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ च्या सुमारास तेलाचा फिल्टर आणला आणि 'शुद्ध तेल, नंतर' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द जोडून त्याला 'प्युरोलेटर' हे नाव दिले. आज आपण ज्याला फिल्टर म्हणतो तो आटे फिरवून बसवायचा बंद डबा १९५० नंतरचा.

केवढा कण घातक?

घाण येते तीन ठिकाणांहून. हवेबरोबर धूळ येते, इंधन अर्धवट जळून काजळी होते आणि घासणाऱ्या भागांतून धातूचे कण सुटतात. धुळीचे आम्हाला वेगळे सांगायला नको. अमरावती–अकोला रस्त्याचे चौपदरीकरण कित्येक वर्षे रखडले होते. त्या काळात आम्ही त्या रस्त्याची धूळ खाल्ली आणि आमच्या इंजिनानेही. पुढे जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीचा एका पदराचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आमच्या तेलाची काळी रेघ त्याच रस्त्यावर पडली, याची आम्हाला अजून लाज वाटते.

धूळ अडवण्याचे पहिले काम हवेच्या फिल्टरचे आहे. तो फाटका असेल तर तेलाचा फिल्टर कितीही चांगला घातला तरी उपयोग नाही. नांगरणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हे पक्के माहीत असते. तो हवेचा फिल्टर आधी पाहतो.

आता आकाराचा विचार करू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंग आणि त्यात फिरणारा दांडा यांच्यामध्ये काही दशक मायक्रॉनची फट असते. इंजिन चालू असताना दांडा या फटीत तेलावर तरंगतो, आणि जेथे जोर सर्वांत जास्त तेथे तेलाचा थर काही मायक्रॉन एवढाच उरतो. या थरापेक्षा खूप लहान कण तेलाबरोबर निमूटपणे निघून जातो. फटीपेक्षा मोठा कण आत शिरूच शकत नाही. खरा घात करतो तो थराच्या जाडीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा कण. तो दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतो आणि ओरखडत जातो. डोळ्यांना न दिसणारी धूळ दिसणाऱ्या वाळूपेक्षा येथे जास्त घातक ठरते, ती यामुळे.

१९८८ साली जनरल मोटर्समध्ये झालेला एक अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. ४० मायक्रॉनच्या गाळणीऐवजी ३० मायक्रॉनची वापरली तेव्हा झीज निम्मी झाली, आणि १५ मायक्रॉनची वापरली तेव्हा ७० टक्क्यांनी घटली. मग याहूनही बारीक गाळणी का लावत नाहीत? उत्तर चहाच्या गाळणीत आहे. जाळी जितकी बारीक तितका चहा सावकाश उतरतो आणि गाळणी लवकर तुंबते. इंजिनाला तर दर मिनिटाला दहा लिटर तेल हवेच आहे. तेव्हा फिल्टर ही तडजोड असते. शिवाय तो प्रत्येक कण पहिल्याच फेरीत पकडतो असेही नाही. समजा, एका फेरीत विशिष्ट आकाराचे निम्मेच कण अडकले. नवी घाण येत नसेल तर पाच फेऱ्यांनंतर उरलेले कण मूळच्या सुमारे एक बत्तिसांश असतील. सातवी-आठवीच्या वर्गात घातांक शिकवताना हे उदाहरण चांगले चालते.

डबा कापून पाहिला

जुना फिल्टर एक दिवस उलटा ठेवून निथळू दिला आणि लोखंड कापायच्या करवतीने कापला. आतला कागद उलगडला तर त्यावर चकाकणारे धातूचे कण! इंजिनाचे उरलेसुरले भागही गेले या विचाराने आमचे धाबे दणाणले. मिस्त्री हसला. ते कण आमच्याच करवतीने पाडलेले होते. दुसरा फिल्टर आम्ही पत्रा कापायच्या कात्रीने उघडला; त्यात तसे काही नव्हते. तुम्ही शाळेत हा प्रयोग करणार असाल तर कात्रीच वापरा, कापण्याचे काम स्वतः करा आणि पत्र्याच्या कडा मुलांच्या हाती देण्यापूर्वी घासून घ्या.

आत पाहण्यासारखे खूप आहे. मुख्य वस्तू म्हणजे बारीक घड्या घातलेला, राळ पाजून कडक केलेला कागद. आमच्या फिल्टरमध्ये पन्नास घड्या होत्या. प्रत्येक घडी दीड सेंटिमीटर खोल, उंची पाच सेंटिमीटर. उलगडल्यावर ५० × २ × १.५ म्हणजे १५० सेंटिमीटर लांब पट्टी झाली. क्षेत्रफळ ७५० चौरस सेंटिमीटर. झेरॉक्सच्या नेहमीच्या कागदापेक्षाही जास्त. घड्या न घालता तेवढ्याच जागेत, म्हणजे सहा सेंटिमीटर व्यासाचा नळा करून कागद लावला असता, तर जेमतेम ९४ चौरस सेंटिमीटर मावला असता. आठपट फरक! तेलाला वाट मोठी मिळते, आणि घाण साठवायला जागाही. आपल्या आतड्यांच्या आतल्या घड्या शिकवताना हा कागद टेबलावर ठेवता येईल.

तेल डब्यात कडेच्या लहान भोकांतून शिरते, कागदातून बाहेरून आत जाते आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनाकडे परतते. कागदाखेरीज आत दोन झडपा असतात. पहिली आहे कडेच्या भोकांमागची रबरी झालर. इंजिन बंद झाल्यावर डब्यातले तेल मागे ओघळू नये म्हणून ती भोके झाकते. ही झालर कडक झाली, की सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखडाट ऐकू येतो. डबा रिकामा झालेला असतो, तो भरेपर्यंत बेअरिंगे कोरडी राहतात.

दुसरी झडप आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटली. ती स्प्रिंगने बंद असते. कागदाच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक एक किलो दर चौरस सेंटिमीटरच्या आसपास गेला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देते. थंडीत तेल घट्ट असते तेव्हा, किंवा फिल्टर पूर्ण तुंबला तेव्हा, ही वेळ येते. गाळणीनेच गाळणीला बगल द्यायची सोय कशासाठी? घाण तेलाने इंजिन हळूहळू झिजते, पण तेलच नसेल तर काही मिनिटांत जाते. दोन वाइटांपैकी कमी वाईट निवडलेले आहे. मात्र याचा दुसरा अर्थ ध्यानात घ्या. फिल्टर तुंबला तरी गाडी काहीच तक्रार करत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. न गाळलेले तेल गुपचूप फिरत राहते. 'चालते आहे ना, मग कशाला बदलायचा' हा युक्तिवाद येथे फसतो.

जाता जाता मोटारसायकलीविषयी. हीरो होंडाची सीडी १०० किंवा स्प्लेंडर ज्यांच्याकडे आहे त्यांनी दुकानात जाऊन कागदी फिल्टर मागू नये. तो तिच्यात नसतोच. तळाशी एक तारेची जाळी असते, आणि मुख्य दांड्याबरोबर फिरणारी एक चपटी डबी. तेल त्या डबीतून जाते आणि जड कण बाहेरच्या कडेला फेकले जाऊन तिथेच चिकटतात. मिनिटाला ४००० फेरे आणि ३ सेंटिमीटर त्रिज्या धरून हिशेब करा. कणावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचशेपटीहून जास्त येते. डबी उघडली तर आत लोण्यासारखा मऊ काळा गाळ कडेने बसलेला दिसतो. दुधातून साय वेगळी करणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. तिथे हलकी साय मध्यभागी येते, येथे जड गाळ कडेला जातो.

दुकानात काय पाहायचे?

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक पाहून तोच फिल्टर घेणे. जुना डबा दाखवून 'असाच द्या' म्हणणे आम्हाला धोक्याचे वाटते. बाहेरून सारखे दिसणारे डबे आतून वेगळे असतात. झडप किती दाबाला उघडते, रबरी झालर आहे की नाही, हे डब्याच्या रंगावरून कळत नाही.

आट्यांचा घोटाळा तर फारच फसवा आहे. फिल्टरच्या मधल्या भोकाला असणारे दोन प्रकारचे आटे सर्रास आढळतात. एक २० मिलिमीटर व्यासाचा, दर आट्याला १.५ मिलिमीटर. दुसरा पाऊण इंचाचा, इंचाला १६ आटे. म्हणजे व्यास १९.०५ मिलिमीटर आणि दर आट्याला १.५९ मिलिमीटर. पाऊण इंची दांड्यावर २० मिलिमीटरचा फिल्टर सहज फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची पकड निम्म्याहूनही कमी राहते. इंजिन गरम होऊन दाब चढला की डबा निसटण्याची भीती. नवा फिल्टर घेताना तो हाताने दांड्यावर फिरवून पाहावा. डगडगला तर परत करावा, आणि पहिल्याच आट्याला अडला तर जबरदस्ती करू नये.

नकली माल ही आमच्याकडची मोठी अडचण आहे. आम्ही कापलेल्या एका स्वस्त फिल्टरमध्ये घड्या मोजून बावीस निघाल्या, त्याही एका बाजूला दाटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. कागदाची जोड जेथे चिकटवायची तेथे फट होती. अशा फिल्टरमध्ये तेल कागदातून न जाता फटीतून जाते. कागद कितीही उत्तम असला तरी काय उपयोग? दुकानात डबा फोडून पाहता येत नाही. पण तळाची चकती सपाट आहे का, रबरी कडी खोबणीत नीट बसली आहे का, मधल्या भोकातून दिसणाऱ्या घड्या किंवा नळी वाकडी नाही ना, छापलेली अक्षरे धुरकट नाहीत ना, एवढे तर पाहता येते. पन्नास-साठ रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे, हे आमचे मत आता पक्के झाले आहे.

बसवताना

गाडी पाच मिनिटे चालवून तेल कोमट करा. कोमट तेल पातळ होते, लवकर वाहते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या मात्र हे काम नको. ते तेल हात भाजते. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटांची थप्पीही भरवशाची नाही, वीट फुटते. लोखंडी घोड्या नसतील तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्या.

वरचे झाकण काढा, मग चेंबरचा बोल्ट पान्याने सैल करून पाटीत तेल सोडा. पूर्ण निथळल्यावर बोल्ट नव्या वायसरसह लावा. आता फिल्टर. तो हाताने सुटत नसेल तर पट्ट्याचा पाना वापरा. डब्यातून पेचकस आरपार घालून पिळण्याची युक्ती काही जण करतात. पत्रा फाटतो, पण फिल्टर जागचा हलत नाही.

आणि आता आमची चूक. डबा हातात आला की तो लगेच उलटा करून पाहा, रबरी कडी त्याच्यावर आहे का? नसेल तर ती इंजिनावर आहे. इंजिनाची ती गोल जागा बोटाने चाचपा, फडक्याने पुसा, शक्य असेल तर आरसा धरून पाहा. काळ्या तेलाने माखलेल्या लोखंडावर काळी कडी डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र लागते.

दोन कड्यांनी गळती का होते? दोन रबरे म्हणजे दुप्पट बंदोबस्त असे वाटू शकते. पण फिल्टरची स्वतःची कडी चकतीच्या खोबणीत बसलेली असते, त्यामुळे आतल्या दाबाने ती बाहेर सरकू शकत नाही. जुन्या कडीला अशी खोबण नसते. ती नुसती दोन पृष्ठभागांमध्ये दबून राहते. आता दाबाचा हिशेब करा. कडीचा व्यास ६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब चार किलो दर चौरस सेंटिमीटर धरला तर डब्याला इंजिनापासून ढकलणारे बल ११३ किलो वजनाएवढे होते. एक क्विंटल कापसाहून जास्त! एवढा जोर आत असताना मोकळी कडी एका बाजूने फुगून बाहेर येते आणि तेलाची चिळकांडी उडते. पंप मिनिटाला दहा लिटर ढकलतो आणि आत आहेत तीन. चेंबर रिकामा व्हायला वेळ कितीसा लागणार? अंगणात इंजिन संथ चालत होते, कडीने तेवढ्यापुरता तग धरला. रस्त्यावर वेग वाढला, दाब चढला आणि ती सुटली.

नव्या कडीवर बोटाने स्वच्छ तेल चोळा. कोरडे रबर लोखंडावर घासताना ओढले जाते, पिळवटते. तेल लावले की ते सरकत बसते, आणि पुढच्या वेळी चिकटूनही राहत नाही. आमच्या जुन्या फिल्टरला मागच्या वेळी कोणी तेल लावले नसावे असा आम्हाला संशय आहे. पण मागच्या वेळीही तो आम्हीच बसवला होता.

डबा हाताने फिरवत न्या. कडी टेकली असे वाटले की तेथे खडूने खूण करा आणि पुढे पाऊण फेरा फिरवा. (नक्की किती ते डब्यावर छापलेले असते, तेच प्रमाण माना.) पाऊण फेराच का? आट्याचे अंतर १.५ मिलिमीटर, त्याचे पाऊणपट म्हणजे सुमारे १.१ मिलिमीटर. रबर तेवढे दबले की पुरेसे घट्ट बसते. पान्याने आणखी आवळले तर रबर चेपून फाटते, किंवा चकती वाकते. 'जितके घट्ट तितके चांगले' हा नियम रबराला लागू नाही.

तेल भरा, पट्टीवर पातळी पाहा, इंजिन सुरू करा. लाल दिवा काही सेकंद राहील, कारण नवा डबा रिकामा आहे. तेवढ्या वेळात रेस देऊ नका. दिवा विझल्यावर फिल्टर आणि बोल्ट कोरडे आहेत का पाहा. एक-दोनदा रेस वाढवून पुन्हा पाहा. हे दुसऱ्यांदा पाहणे आम्ही केले नव्हते. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पातळी मोजा. डब्यात गेलेल्या तेलाइतकी ती उतरलेली असेल, तेवढे भरा.

आणि तो झारीचा दिवा. तो पेट्रोलच्या दिव्यासारखा आगाऊ सूचना देणारा दिवा नव्हे. 'तेल कमी होत आहे' असे तो सांगत नाही. 'दाब गेला आहे' असे सांगतो. दांडा तेलावर तरंगायचा थांबला आहे, लोखंड लोखंडाला टेकले आहे. तेव्हा पंप, गॅरेज, गाव काही शोधायचे नाही. रस्त्याच्या कडेला घ्यायचे आणि किल्ली फिरवायची. आम्ही लगेच थांबलो असतो तर नुसते तेल आणि फिल्टर यांवर भागले असते.

तेल काळे का?

नवा फिल्टर घातला तरी तेल काही दिवसांत काळे होते, मग तो गाळतो काय? हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला. काळा रंग येतो काजळीने. काजळीचे कण मायक्रॉनहूनही लहान असतात, कागदातून सहज जातात. तेलात अशी रसायने घातलेली असतात की हे कण एकमेकांना चिकटू नयेत, सुटे तरंगत राहावेत. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात. तेलातली रसायने नेमके तुरटीच्या उलट काम करतात. कण एकत्र आले असते तर त्यांचा गाळ बेअरिंगांच्या वाटांत बसला असता. तेव्हा तेल काळे दिसणे हे पुष्कळदा ते काम करत असल्याचे लक्षण आहे. ही रसायने हळूहळू संपतात, तेलात आम्लेही तयार होतात, आणि ते काही फिल्टर दुरुस्त करू शकत नाही. म्हणून फिल्टर आणि तेल दोन्ही बदलायचे.

वर्गासाठी दोन सोपे प्रयोग. शेतातली काळी माती पाण्यात ढवळून टीपकागदातून गाळा. पहिले पाणी गढूळ येईल, मग हळूहळू स्वच्छ, पण धार मंदावत जाईल; अडकलेली मातीच आता गाळणीचे काम करते. दुसरा प्रयोग तेलाचा. पट्टीवरच्या जुन्या तेलाचा एकच थेंब टीपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. काजळी पसरून सगळीकडे सारखा करडा डाग पडला तर ती रसायने अजून जिवंत आहेत. मध्ये काळाकुट्ट ठिपका आणि भोवती पिवळट कडे उमटले तर काजळी गोळा होऊ लागली आहे. तेलाला बोट लावू देऊ नका.

कारण हे जुने तेल साधे नाही. त्यात धातूंचे कण आणि कर्करोगाशी संबंध असलेली कार्बनी संयुगे असतात. आमच्या भागात ते दाराच्या चौकटींना आणि गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासतात, स्लॅबच्या फळ्यांना लावतात, उरलेले नालीत ओततात. जनावरे खांब चाटतात, पावसाबरोबर तेल नाल्यात जाते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणना होते, आणि ते पुन्हा शुद्ध करून वापरताही येते. आम्ही ते पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवून, कॅनवर ठळक अक्षरांत लिहून, तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना देणाऱ्या गॅरेजकडे पोचवतो. असे गॅरेज शोधायला आम्हाला तीन ठिकाणी विचारावे लागले.

जुना फिल्टरही लगेच भंगारात टाकू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत मागच्या वेळचा डबा भोक पाडून, मोजपात्रावर उलटा ठेवून आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मुलींनी आकडा वाचला: १७० मिलिलिटर.